ओढायचा परवाना

अविनाश, तुझ्या बायकोला मी सगळ्यांसमोर सांगितलं की कॅम्पर मी हलवतो. ट्रेलर ओढायचा परवाना माझ्याकडे नाही.

हे तुला ठाऊक आहे, केइकोवहिनींना ठाऊक आहे, आणि शुभदाला तर माझ्याकडे काय काय नाही ते लग्नाच्या बैठकीपासून ठाऊक आहे. तरीही म्हणालो. कुठे म्हणालो तेही सांगतो, म्हणजे तुला मनसोक्त हसता येईल. दाहगृहात तुला आत नेलं आणि आम्हाला वरच्या खोलीत बसवलं. इथली रीत तुला माहीत आहे. खाली भट्टी चालू असते आणि वर नातेवाईक चहा घेत बसतात, पुढ्यात तांदळाची कडक बिस्किटं. ती मोडताना आवाज होतो म्हणून कुणी मोडत नाही. मी एक तोंडात धरून ठेवलं होतं, मऊ होण्याची वाट बघत.

तेवढ्यात इशीबाई केइकोवहिनींच्या शेजारी येऊन बसल्या. त्याच त्या, ज्यांच्या नाशपातीच्या बागेच्या कोपऱ्यात आपला कॅम्पर उभा असतो. म्हणाल्या, वेळ फार वाईट आहे, माफ करा, पण मुलगा त्या कोपऱ्यात घर बांधतोय, झाडांना बहर यायच्या आत जागा रिकामी हवी. वहिनी वाकल्या. इशीबाई वाकल्या. वहिनी पुन्हा वाकल्या. बोसोच्या किनाऱ्यावरच्या आपल्या नेहमीच्या कॅम्पच्या मालकांनी कॅम्पर कायमचा ठेवायला जागा दिलीय, पण तिथवर तो ओढून नेणार कोण, असं वहिनी म्हणाल्या. नाहीतर भंगारवाल्याला बोलवावं लागेल, तो इथेच गॅस-कटरने तुकडे करून नेईल. दोघी आलटून पालटून माफी मागत होत्या आणि दोघींचीही काही चूक नव्हती. मला ते बघवेना. मी बिस्किट गिळलं आणि चांगल्या खड्या जपानीत म्हणालो, "कॅम्पर मी हलवतो. काळजी करू नका."

सगळी खोली माझ्याकडे वळली आणि वाकली. मीही वाकलो. या देशात एकदा चारचौघांत लोक तुमच्यापुढे वाकले की शब्द परत घ्यायची सोय उरत नाही. शेजारून शुभदा ओठ न हलवता मराठीत म्हणाली, "कशाने? दोरीने?"

इथल्या मराठी मंडळींच्या अंकाला हे द्यायचं कबूल केलंय, त्यामुळे ज्यांनी आपलं धूड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं लिहितो; तू तेवढ्यात चहा पिऊन ये. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला बांधतात. आपला कॅम्पर फिफ्थ-व्हील जातीचा. त्याचं नाक थेट पिकअप ट्रकच्या हौद्यात चढतं. हौद्यात ग्रीस चोपडलेलं एक लोखंडी ताट असतं, कॅम्परच्या नाकाखालचा जाड खुंटा त्या ताटात येऊन बसतो, जबडा मिटतो, आणि मग एका हत्तीच्या पाठीवर दुसऱ्याने सोंड टाकावी तशी वरात निघते. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास, सगळं. एवढं वजन ओढायला जपानात साध्या लायसन्सखेरीज वेगळा परवाना लागतो. तुझ्याकडे तो होता. माझ्याकडे मतं होती.

तो अमेरिकन मास्तर मायदेशी परत निघाला आणि त्याचा ट्रक अन् कॅम्पर तू घेतलास, तेव्हा मी पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालं असेल. ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आमची दोन खोल्यांची जागा, उरायासूला तुमचं घर. तू या देशात इतका मुरलेला की एकटा असलास तरी रांगेत उभा असल्यासारखा दिसायचास. कॅम्पर घेतलास त्या दिवशीच मी जाहीर केलं की अर्धा माझा. तू विचारलंस, कुठला अर्धा? मी म्हणालो, मागचा. आणि पुढची सगळी वर्षं मी मागेच उभा राहिलो.

त्या धुडाने आपल्याला किती दमवलं रे! अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून कॅम्परचं दार उजव्या अंगाला. इथे आपण डावीकडून चालणार. म्हणजे रस्त्याच्या कडेला थांबलं की आपलं दार उघडायचं ते थेट रहदारीत. पहिल्याच सहलीत मी दात घासत दारातून खाली उतरलो आणि कोबी भरलेला एक ट्रक माझ्या ब्रशला चाटून गेला. तू कॉलरला धरून मला आत ओढलंस. म्हणालास, "अर्धा कॅम्पर तुझा आहे, सुध्या. अर्धा रस्ता नाही."

आणि ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे टोलनाक्याची खिडकी माझ्या बाजूला यायची. तिकीट घेणं हे माझं खातं. ते तिकीट वाऱ्याने माझ्या हातून उडालं आणि मी उतरून त्याच्यामागे धावलो, आठवतंय? मागे गाड्यांची रांग लागली आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही. दोनचार शिव्या ऐकू आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सगळे काचेआडून शांतपणे बघत होते, बायकामुलांसकट, जणू हा टोलनाक्याचाच कार्यक्रम आहे.

जूनच्या झडीत छत गळायला लागलं तेव्हा दुरुस्ती मी अंगावर घेतली. तू म्हणालास, फक्त शिवणीवर सिलिकॉन लाव. मी इतक्या निष्ठेने लावलं की गळती थांबली आणि छतातली धूर जायची झडपही कायमची चिकटली. हे मला कळलं बोसोला. बाहेर पाऊस, म्हणून केइकोवहिनींनी आत शेगडीवर सुके बोंबील भाजायला घेतले. झडप उघडेना. धूर मिळेल त्या फटीतून बाहेर निघाला. शेजारच्या तंबूतलं जोडपं पाण्याची बादली घेऊन धावत आलं, दारात थबकलं, वास घेतला आणि परत गेलं. दोन मिनिटांनी बादली ठेवून बिअर घेऊन आलं. ते मोरिता नवराबायको. त्या दिवसापासून मेच्या सुट्टीत आपल्या शेजारची जागा त्यांची. मोरितासान अजूनही मला भेटले की माझ्या हाताकडे बघतात, हातात सिलिकॉनची नळी नाही ना म्हणून.

हे सगळं मी इतक्या लोकांना, इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. लोक हसतात. तू असताना मी सांगायचो आणि तू मध्येच म्हणायचास, "खोटं. कोबी नव्हता, मुळा होता." आता कोबी म्हटलं की कोबीच राहतो. कुणी अडवत नाही.

सगळ्यात जास्त आठवतं ते मागे घेणं. कॅम्परला पुढे नेणं म्हणजे काहीच नाही, खरी परीक्षा तो कॅम्पच्या जागेत मागे सारताना. इथले लोक मागे उभे राहून गाडीवाल्याला 'ओराय, ओराय' म्हणतात. आपलं 'येऊ दे, येऊ दे'. मोरितासानही शेवटी 'येऊ दे' म्हणायला लागले होते. पण मुख्य माणूस मी. तू चाकावर, मी मागे, आणि सगळा कॅम्प खुर्च्या वळवून बसलेला.

"डावीकडे घे!"

"किती?"

"थोडं!"

"थोडं म्हणजे तुझं थोडं की माणसांचं थोडं?"

"अरे झाड! झाड!"

"झाड कुठल्या बाजूला आहे, सुध्या?"

"झाड आहे तिथेच आहे! तू कुठे चाललायस ते सांग!"

मग तू इंजिन बंद करून खाली उतरायचास, हात पुसायचास आणि म्हणायचास, "दिशा सांग. मत नको." पण शेवटी कॅम्पर जागेत जायचा. झाडं वाचायची. आणि मी कपाळ पुसून सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल असं म्हणायचो, "घातला बघा!" मला खरोखर वाटायचं रे, की तो मी घातला.

आपलं मोठं भांडण मात्र एकच, आणि ते कधी मिटलं नाही. "परवाना काढ," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "तू आहेस ना." सर्व्हिस एरियात ट्रकच्या ताटाला ग्रीस लावताना म्हणायचास, चाकाचं बेअरिंग पुसताना म्हणायचास. तुझे हात कोपरापर्यंत काळे आणि माझ्या हातात थर्मास. "मला काही झालं तर?" असं एकदा म्हणालास, फुजीच्या पायथ्याशी, ट्रकखाली उताणा पडून. मला तुझे फक्त बूट दिसत होते. मी म्हणालो, "तुला काही झालं तर मी जपानी कॅम्पर घेईन, छोटा. दार योग्य बाजूला असलेला." तू पान्याने पुढचा बोल्ट आवळायला घेतलास.

दवाखान्यातही तू तोच विषय काढलास. मी म्हणालो, "तू बरा हो, मग दोघं जाऊ. मी चाकावर बसतो आणि तू मागे उभा राहा, म्हणजे माझे हाल कळतील." तू हसलास. नाकातली नळी हलली म्हणून नर्स माझ्यावर डोळे वटारून गेली. मी खूश होऊन घरी गेलो. शुभदाला सांगितलं, आज त्याला हसवलं. पुढच्या खेपेला तू पुन्हा म्हणालास, या वेळी हळू. मी पुन्हा काहीतरी बोललो आणि पुन्हा हसवलं. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. क्रिकेटचं विचारलंस. मी सुटलो असं वाटलं मला, आणि पुढचे सगळे दिवस आपण क्रिकेटवर बोललो.

तुला दुसरंच काही बोलायचं होतं हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. कळत होतं म्हणूनच हसवत होतो.

तर परवाना. तुला आत नेलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसातून रजा काढून परीक्षा केंद्रावर गेलो. ऑफिसात सध्या काय चाललंय ते तू बघून गेलास: २००० साल उजाडायच्या आत संगणकातली दोन आकडी सालं चार आकडी करायची, सकाळपासून रात्रीपर्यंत, ओळीमागून ओळ. मॅनेजर विचारतो, "सुधीरसान, संपतंय का?" ते संपत नाही. त्यातून उठून मी त्या मैदानावर जायचो, पांढरे हातमोजे घातलेल्या परीक्षकाला वाकून नमस्कार करायचो आणि ट्रेलर जोडलेल्या परीक्षेच्या ट्रकच्या केबिनमध्ये चढायचो. पुढे चालवलं, ठीक. मग मागे घ्यायची वेळ आली. आखून दिलेल्या चौकोनात शेपूट डावीकडून घालायची होती. मी स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, "डावीकडे घे," आणि चाक डावीकडे फिरवलं.

शेपूट उजवीकडे गेली. सरळ कठड्यावर चढली.

परीक्षकाने फार अदबीने मला खाली उतरवलं. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी मी इतका सावध होतो की शेपूट कुठेच गेली नाही आणि वेळ संपली.

परतताना आगगाडीत उभ्याउभ्या माझ्या डोक्यात शिरलं, अविनाश. अशा गाडीची शेपूट डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवावं लागतं. म्हणजे इतकी वर्षं मी मागून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होतो, तेव्हा तू पुढे प्रत्येक वेळी चाक उजवीकडे फिरवत होतास. माझी एकूणएक आज्ञा उलटी करून घेत होतास. वर माझ्याशी भांडत होतास, झाड कुठे आहे ते विचारत होतास आणि हाताने गुपचूप माझं वाक्य दुरुस्त करत होतास. मला हे कधी दिसलंच नाही, कारण मी मागे उभा होतो. आणि तू एकदाही म्हणाला नाहीस, की बाबा, तू ओरडतोस त्याचा मला काडीचा उपयोग नाही, तू नुसता उभा राहा.

का नाही म्हणालास? मी काय रडलो असतो? कदाचित रागावलो असतो. तीन दिवस बोललो नसतो. मग माझा अर्धा कुठला, असं विचारलं असतं.

दमलोय रे. मरण आलं की माणसं रडतात, चिडतात असं ऐकून होतो. मला नुसता थकवा आला. रविवारी सकाळी उठायचं, चिबाकडची गाडी पकडायची, बागेत जायचं. इशीबाई मांडवाखाली फांद्या बांधत असायच्या. इथे नाशपातीची झाडं द्राक्षासारखी तारांवर आडवी चढवतात, माणूस त्यांच्याखाली वाकूनच चालतो. मी वाकून कोपऱ्यात पोचायचो. गादीवरची बुरशी पुसायचो. टायरांत हवा भरायचो. खुंट्याला ग्रीस लावायचो, जसं काही उद्या सकाळी निघायचंय. मग आत बसायचो. तुझी जागा खिडकीपाशी, माझी दाराजवळ. तिथेच बसायचो, खिडकीपाशी नाही. वाटायचं, इथे बसून मी काय वाचवतोय? पत्र्याचा डबा. दार चुकीच्या बाजूला, झडप माझ्या हाताने कायमची बंद. भंगारवाला आला असता तर अर्ध्या दिवसात संपलं असतं, आणि मलाही झोप आली असती.

वहिनींचा फोन यायचा. "भावजी, काही अडचण नाही ना?" मी म्हणायचो, "होतंय, होतंय." वहिनींचं मराठी तुझ्या आईच्या हाताखाली तयार झालेलं, त्यात जपानी सौजन्यापेक्षा साताऱ्याचा ठसका जास्त. पण फोनवर त्या इतक्या मऊ बोलायच्या की मला घाम फुटायचा.

मागचा रविवार शेवटचा होता. फांद्यांवर कळ्या फुगल्या होत्या. मी ठरवलं, आज सांगून टाकायचं: परवाना मिळाला नाही, मिळणारही नाही, भंगारवाल्याला बोलवा आणि मला माफ करा. शुभदाला म्हणालो, तूही चल. ती म्हणाली, "मी येणारच आहे. डबा केलाय." मला वाटलं, दुखवट्याचा डबा.

बागेत पोचलो तर तुझा ट्रक उभा. इंजिन चालू. केइकोवहिनी तुझे कामाचे हातमोजे घालून हौद्याचा मागचा फाळका खाली करत होत्या. मीना पायरीवर बसून संत्रं सोलत होती. सोळा वर्षांची झाली तुझी पोरगी, अजून माझ्या मराठीला जपानीतच उत्तर देते.

"वहिनी," मी म्हणालो, "एक सांगायचंय. तो परवाना..."

"नाही मिळाला. माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

वहिनींनी शुभदाकडे पाहिलं. शुभदाने डबा दुसऱ्या हातात घेतला. "पहिल्याच दिवशी सांगितलं मी," ती म्हणाली. "तू घरी येऊन बूट घालूनच झोपलास, तेव्हाच."

"मग मला बोलला का नाहीत, वहिनी?"

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. मी नको म्हटलं असतं तर तुमची मान खाली गेली असती. म्हटलं, करू देत. दोघांकडे असला तरी चांगलंच."

"दोघांकडे?"

त्यांनी ओव्हरऑलच्या खिशातून लायसन्स काढून दाखवलं. अविनाश, त्यावर शिक्का होता. ओढायच्या परवान्याचा. फोटोत वहिनी तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये दिसतात तशाच कडक.

"कधी शिकलात?"

"अविनाश दवाखान्यात होता तेव्हापासून. सकाळी ड्रायव्हिंगची शाळा, दुपारी दवाखाना. त्याने सांगितलं शिकायला." वहिनी ट्रकच्या ताटाकडे बघत बोलत होत्या. "म्हणाला, सुधीरला विचारून झालं. तो हसवतो. तू शीक."

मीनाने संत्र्याची फोड तोंडात घातली आणि तिला कळत नाही असं भासवत झाडांकडे पाहिलं. तिला सगळं कळतं.

तुझं बरोबरच होतं. तू माझ्यावर रागावला नाहीस, माझी वाट बघितलीस, आणि मग वाट बघायचं थांबवलंस, क्रिकेटचं विचारलंस. हे मला तुझ्याकडून ऐकायचं होतं, बाबा. शिवी देऊन. वहिनींच्या तोंडून ते इतकं नीट, इतकं धुऊन-इस्त्री करून आलं की कुठे लागलं तेही लवकर कळेना.

मग त्यांनी कॅम्पर जोडला. एकटीने. मी सवयीने मागे जायला निघालो तर शुभदाने माझी बाही धरली. वहिनी चाकावर बसत, हातभर मागे घेत, थांबत, उतरत, वाकून बघत, पुन्हा चढत. पुन्हा हातभर. पुन्हा उतरून बघत. ना ओराय, ना येऊ दे. अरे, उतरून बघायचं! आपण दोघं इतकी वर्षं घसा फोडत होतो आणि आपल्याला कधी सुचलं नाही, की उतरून बघावं. की तुला सुचलं होतं आणि मला काम मिळावं म्हणून तू बसून राहायचास? हा प्रश्न मी तुझ्याकडेच ठेवतो. मला उत्तर नकोय.

खुंटा ताटात बसला. जबडा मिटल्याचा खट्ट आवाज आला. वहिनींनी तो दोनदा ओढून बघितला, फाळका लावला, दिवे तपासले. इशीबाई हातात कात्री घेऊन मांडवाखालून बाहेर आल्या. ट्रकमध्ये पुढे तिघांचीच जागा: वहिनी, मीना, शुभदा. मोरिता नवराबायको बोसोला थेट येणार होते. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जागा तेवढी साफ करून द्या. खड्डे बुजवा, लाकडं एका बाजूला लावा. मग गाडीने या. जेवायला थांबतो आम्ही." इथली रीत: दुसऱ्याची जागा सोडताना ती आपण आलो तेव्हा होती त्यापेक्षा स्वच्छ करून द्यायची. तेवढं मला येतं.

कॅम्पर निघाला. वळणावर मीनाने खिडकीतून हात हलवला आणि मराठीत ओरडली, "काका, लवकर या!" मराठीत, अविनाश. तू ऐकायला हवं होतंस. मग ट्रक वळला, त्यामागे कॅम्परचं लांबलचक पोट वळलं, कुंपणाला न घासता, आणि रस्त्यावरून आवाज येईनासा झाला.

मी चाकांचे खड्डे बुजवले. तण उपटलं. टायरांखालची लाकडं इशीबाईंच्या छपरीशी रचली. त्यातलं एक उरलं, त्यावर बसलो. म्हटलं, दोन मिनिटं. गवत नसलेला एक लांब चौकोन समोर होता, फिकट, ऊन न लागलेल्या कातडीसारखा. तो कॅम्पर माझा नव्हताच, हे मला तिथे बसल्यावर पटलं, आणि पटल्याचं दुःखही झालं नाही. आपली भांडणं माझी होती. तू माझ्या उलट्या शब्दांचा सुलटा अर्थ लावत होतास, ते माझं होतं. आता मी डावीकडे म्हटलं की जग डावीकडेच जाणार. फार जपून बोलावं लागणार आहे मला, आणि मला त्याची सवय नाही.

आभार मानायचे राहिले रे. दवाखान्यात मानता आले असते. तुला हसू आलं नसतं, म्हणून नाही मानले.

किती वेळ बसलो ते कळलं नाही. बोसोची गाडी होती, जेवायला लोक थांबणार होते, शुभदाचा डबा होता. म्हटलं, आणखी दोन मिनिटं. इशीबाई तारांखालून वाकत माझ्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कॅम्पर गेला एकदाचा," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला ओढून न्यायला कुणाला बोलवू?"